फवारणीच्या आधीची चौकशी

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ चा पावसाळा कोणी विसरलेला नाही. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याबरोबर वाढली होती, अळीच्या धास्तीनं फवारणीवर फवारणी चालली होती आणि पंपाचा बारीक तुषार सरळ नाकातोंडावर येत होता. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. तेव्हापासून आमच्याकडे फवारणी म्हटलं की घरच्या बाईचं लक्ष धुऱ्याकडे लागलेलं असतं.

घाटंजी तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. शेती धाकटा भाऊ पाहतो. पुढच्या एका हंगामात, भर दुपारी, आमचा गडी पंप उतरवून बांधावर बसला. “भाऊ, डोकं गरगरून राह्यलं. डोयापुढं धुकं आल्यावानी दिसते,” म्हणाला. तोंडाला लाळ सुटली होती, सदरा घामानं आणि औषधानं चिंब झाला होता. भोवती माणसं जमली आणि जो तो मोबाईल उघडून पाहू लागला. एकाच्या मोबाईलवर ‘दूध पाजा’, दुसऱ्याच्या ‘तूप द्या’. तिसऱ्यानं लावलेल्या व्हिडिओत पांढरा कोट घातलेला कोणी माणूस विष उतरवणारं चूर्ण सांगत होता. चूर्णाची किंमत खाली लिहिलेली होती.

भावानं त्यातलं काही ऐकलं नाही. गड्याचे कपडे उतरवले, साबण लावून अंग धुतलं, १०८ ला फोन केला आणि औषधाची बाटली पत्रकासकट पिशवीत घातली. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, “काय फवारलं? बाटली आणली का?” ती हातात पडताच पुढचे उपचार भराभर सुरू झाले. गडी बरा होऊन घरी आला.

भावाला हे कुठून ठाऊक होतं? २०१७ नंतर त्यानं प्रत्येक बाटलीसोबतचं पत्रक वाचायची सवय लावून घेतली होती. त्या पत्रकात विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा छापलेला असतो, आणि ते स्थानिक भाषेतही द्यावं असा नियम आहे. मात्र अक्षर इतकं बारीक की म्हाताऱ्या माणसाला भिंग घ्यावं लागतं. तेव्हा हीच माहिती वाचता येईल अशा रूपात कुठे मिळते, ते पाहायला मी बसलो.

शोधताना मी काही गोष्टी धरून चाललो. लिहिणारा कोण आहे आणि त्याचं शिक्षण काय, हे दिलंय का? माहिती कधी तपासली, त्याची तारीख आहे का? शेवटी काही विकायला ठेवलंय का? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, घरी काय करू नये आणि दवाखाना कधी गाठावा, हे सांगितलंय का? या चाळणीतून बहुतेक व्हिडिओ गळून पडले. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं ‘मेडलाइनप्लस’ हे संकेतस्थळ टिकलं. ते १९९८ पासून सामान्य माणसासाठी चालतं आणि त्यावर जाहिरात नसते. मराठीत डॉ. शाम अष्टेकरांचं ‘भारतवैद्यक’ हे पुस्तक आणि ‘आरोग्यविद्या’ हे संकेतस्थळ हाती लागलं, गावातल्या माणसाला समजेल अशा भाषेतलं. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे आणि ते अहोरात्र फोनवर सल्ला देतं, हेही तेव्हाच कळलं.

तिथे वाचलं ते पत्रकाशी ताडून पाहिलं. फवारणीचं विष पोटातूनच जातं असं नाही, ते कातडीतूनही भिनतं. म्हणून आधी कपडे उतरवून अंग धुवायचं. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात दूध किंवा तूप ओतलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांवर दवाखान्यात ॲट्रोपिन देतात, पण काही कीटकनाशकांना नेमका उतारा नाही आणि पत्रक तसं स्पष्ट सांगतं. ‘आमच्याकडे सगळ्यावर इलाज आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘यावर उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार करा’ असं छापणाऱ्यावर माझा भरवसा जास्त बसला.

एवढं सगळं मी मोठ्या अक्षरात एका कागदावर उतरवलं आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी सुधारलेला मजकूर आता आमच्या कोठ्याच्या दारावर लावलेला आहे. लेबलावरच्या त्रिकोणाचे रंगही त्यात आहेत: तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. खाली ठळक अक्षरात लिहिलंय की हिरवाही विषच आहे. आशाताईंनी त्याच्या प्रती काढून शेजारच्या वस्तीत वाटल्या.

माणूस बांधावर कोसळलेला असताना खरं-खोटं निवडायला कोणाला सवड असते? ती निवड मृग लागायच्या आधी, निवांतपणी व्हायला हवी. फवारणीचा पंप दुरुस्त करून ठेवतो त्याच दिवसांत प्रत्येक ग्रामसभेत असा कागद मोठ्यानं वाचला जावा, आणि कृषी केंद्रावर बाटलीबरोबर वाचता येईल एवढ्या अक्षरातलं मराठी पत्रक मिळावं. ज्यांच्या पाठीवर पंप असतो, त्या माणसांचं एवढं देणं आपण लागतोच.