टू-फिफ्टी मिळालं का?

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला दुसऱ्या सर्व्हरशी हातानं बोलता आलं पाहिजे. आज त्याची गरज उरलेली नाही, तरी नव्यानं कामाला लागलेल्या पोरांना मी टर्मिनल उघडून २५ नंबरच्या पोर्टवर टेलनेट करायला लावतोच. (घरच्या ब्रॉडबँडवरून हे बहुधा जमत नाही, स्पॅमच्या भीतीनं ते पोर्ट बंद ठेवलेलं असतं.) पलीकडून २२० येतं. आपण ‘ईएचएलओ’ म्हणून स्वतःचं नाव सांगायचं. मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग ज्याला पाठवायचं त्याचा. दर वेळी पलीकडचा होकार घ्यायचा आणि पुढं सरकायचं. ‘डेटा’ म्हटलं की ३५४ येतं, म्हणजे सांगा आता. मजकूर टाइप करायचा आणि शेवटी एका ओळीवर नुसतं एक टिंब देऊन एंटर मारायचं.

मग थांबायचं. पोरांना वाटतं, काही अडकलं. तेवढ्यात २५० उमटतं.

जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एसएमटीपीचे नियम लिहिले तेव्हापासून हा संवाद जवळपास असाच आहे. तेव्हा सुरुवात ‘हेलो’नं व्हायची, एवढाच काय तो फरक. पण टिंबानंतरचं हे २५०, आमच्या बोलण्यात ‘टू-फिफ्टी’, साधा होकार नाही. ते देणाऱ्या सर्व्हरनं त्या मेलची जबाबदारी घेतलेली असते. २००८ च्या सुधारित नियमावलीत हे स्पष्टच आहे: एकदा स्वीकारलेली मेल फुटकळ कारणानं हरवता कामा नये, आणि नंतर मशीन बंद पडलं हे कारण फुटकळांतच धरलं आहे. कचेरीच्या बारनिशीत अर्ज देऊन शिक्का मारलेली पोच घेतली की पुढं कागद गहाळ झाला तरी जाब कचेरीनं द्यायचा, तसंच हे.

म्हणून टिंब आणि २५० यांच्या मधल्या त्या क्षणात सर्व्हर काय करतो, याकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. मी पोस्टफिक्स वापरतो. वीत्से व्हेनेमा यांनी तो आयबीएममध्ये लिहिला आणि १९९८ मध्ये खुला केला. तो आलेली मेल रांगेतल्या फाइलमध्ये लिहितो, ती मेमरीत न रेंगाळता डिस्कवर उतरली आहे याची ऑपरेटिंग सिस्टीमकडून खात्री करून घेतो आणि मगच २५० म्हणतो. सर्व्हर संथ वाटला की कुणीतरी सुचवतंच, ही खात्री बंद करा, वेग वाढेल. वाढतो खरा. पण मग ऐन वेळी वीज गेली तर पाठवणाऱ्याच्या हातात पोच असते आणि आपल्या डिस्कवर काहीच नसतं. डिस्कनं स्वतःच खोटं सांगितलं तरी तेच. बॅटरी नसलेल्या कंट्रोलरनं लिहिलेलं कॅशमध्येच ठेवून ‘झालं’ म्हटलं, तर पोस्टफिक्स काय करणार? सर्व्हर विकत घेताना मी प्रोसेसरच्या आधी हे विचारतो.

२५० येईपर्यंत पाठवणाऱ्या सर्व्हरनं आपली प्रत टाकायची नसते. त्यामुळं मेल कुणाकडेच नाही असा क्षण येत नाही. ती दोघांकडे आहे असा मात्र येऊ शकतो. पलीकडच्यानं मेल लिहून घेतली, २५० पाठवलं आणि ते वाटेत हरवलं, तर पाठवणारा वाट पाहून पुन्हा सगळं पाठवतो. मेल दोनदा पोचते. म्हणून नियमावली सांगते की टिंबानंतर उत्तरासाठी १० मिनिटं थांबा. अधीर होऊन ही वेळ २० सेकंदांवर आणणारे असतात, आणि मग तेच विचारतात की एकच परचेस ऑर्डर तीनदा कशी गेली. हरवण्यापेक्षा दोनदा गेलेली परवडली, असं या पद्धतीनं सुरुवातीलाच ठरवून टाकलं आहे. मला ते पटतं.

पलीकडचा नाही म्हणतो तेव्हा नकाराचा पहिला आकडा बघायचा. ५ असेल तर कायमचा नकार: असा माणूस इथं नाही, ५५०. ४ असेल तर आत्ता जमत नाही, नंतर या. चारवाली मेल आमच्याकडे ‘डिफर्ड’ रांगेत जाऊन बसते आणि ठरावीक अंतरानं पुन्हा जाऊन येते; पोस्टफिक्स सांगितल्याशिवाय ५ दिवस हार मानत नाही. ही चिकाटी त्या काळातली आहे जेव्हा जोडणी सतत नसायची. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, अर्नेट या शैक्षणिक संगणक-जाळ्याच्या सुरुवातीला, जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून डायल करून मेलची देवघेव व्हायची. मॉडेम जुळला की साठलेलं पलीकडे. पाच दिवस त्या जगात फार नव्हते. टेंडरची मुदत संध्याकाळी पाचला संपते त्या जगात ते फार आहेत. डोमेनचं एक अक्षर चुकलं, त्या चुकीच्या नावाचं डोमेन नेमकं अस्तित्वात निघालं, पण तिथं मेल घ्यायला कुणीच बसलेलं नसलं, की मेल गुपचूप रांगेत पडून राहते. पाठवणाऱ्याला वाटतं, गेली. ‘पोचायला उशीर होतोय’ अशी सूचना द्यायची सोय पोस्टफिक्समध्ये आहे, फक्त ती आपणहून चालू करावी लागते. मी चार तासांवर ठेवतो.

आलेली मेल ठेवण्याचं काम त्या मानानं सरळ आहे. डी. जे. बर्नस्टीन यांनी क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी काढलेली मेलडिर पद्धत मला अजून सुंदर वाटते: टीएमपी, न्यू आणि कर असे तीन फोल्डर. टीएमपीत पूर्ण लिहून झाल्यावरच फाइल न्यूमध्ये सरकते, त्यामुळं अर्धवट मेल कुणाला दिसतच नाही, आणि कुलूप लावत बसावं लागत नाही. फाइली मात्र लाखांनी होतात आणि बॅकअप घेणारा वैतागतो.

या फाइली उघडून बघायची खोड आम्हा सगळ्यांना असते (मजकूर वाचत नाही, हेडर बघतो). एसएमटीपी मुळात सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांसाठी. त्यामुळं मराठी विषय बेस-सिक्स्टीफोर होऊन जातो आणि त्या भेंडोळ्यात काही कळत नाही असं वाटतं. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि बेस-सिक्स्टीफोर ३ बाइटची ४ अक्षरं करतं. हिशेब इतका चोख जुळतो की देवनागरी अक्षरानं सुरू होणारा जवळपास प्रत्येक विषय ‘४केएस’नं सुरू होतो, आणि देवनागरी आकड्यानं सुरू झाला तर ‘४केडब्ल्यू’नं. ‘क’ म्हणजे ‘४केएसव्ही’. हजार इंग्रजी हेडरांतून मराठी मेल नजर न रोखता सापडते.

स्पॅमबद्दल फार लिहीत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही काहीही सांगू शकतो, म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क आले, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या संख्येनं पाठवणाऱ्यांकडून तिन्हींचा आग्रह धरतात. ठीकच आहे. नको ती मेल दारातच ५५० देऊन परतवावी. आधी घेऊन नंतर परत पाठवली तर खोट्या पत्त्याचा खरा मालक नाहक त्रासतो. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. काही सर्व्हर टू-फिफ्टी देतात आणि मेल कुठंच ठेवत नाहीत. ना इनबॉक्समध्ये, ना स्पॅममध्ये. माझ्या लॉगमध्ये ‘सेंट’ असतं, पुढं पलीकडच्या रांगेचा क्रमांकही असतो. त्यांच्या ॲडमिनला तो क्रमांक आणि वेळ कळवली की बहुतेक वेळा तो शोधून काय झालं ते सांगतो. शिक्का मारून कागद केराच्या टोपलीत टाकणाऱ्याला मात्र तो क्रमांक देऊनही काही उपयोग नसतो.

न पोचलेल्या मेलचं ‘बाउन्स’ पत्र लोक वाचतच नाहीत, इंग्रजी बघून काढून टाकतात, असं आम्ही कायम म्हणायचो. पोस्टफिक्समध्ये त्याचा मजकूर बदलता येतो. आमच्या गिऱ्हाइकांत चाकण-भोसरीचे छोटे कारखानदार बरेच, म्हणून मी तो मराठीत केला: तुमची मेल पोचलेली नाही, आम्ही प्रयत्न थांबवले आहेत, समोरच्या सर्व्हरनं दिलेलं कारण खाली आहे, पत्त्याचं स्पेलिंग एकदा तपासा. आता फोनवर अकाउंट्समधली माणसं पाच-पन्नास की चार-पन्नास ते स्वतःच सांगतात. एका मॅडमनी तर परवा उशिराची सूचना वाचून विचारलं, चार-पन्नास आहे, म्हणजे मी परत पाठवू नको ना, तुमचा सर्व्हर पाठवेलच?