नेट येईल तेव्हा येईल, नाव आजच देऊन ठेवा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात शाळेसाठी सर्व्हर बसवायला गेलो, की मला पहिला प्रश्न हाच येतो: "सर, नेट नाही, मग हा चालणार कसा?"

चालतो. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस व्यवस्था १९८३ची. त्याआधी अर्पानेटचं काम 'होस्ट्स' नावाच्या साध्या यादीवर चालायचं. ती फाइल आजही लिनक्समध्ये असते, आणि सहसा आधी तीच वाचली जाते, बाहेर विचारणा नंतर. तिच्यात नाव नसेल तर सर्व्हर बाहेर विचारत, उत्तराची वाट पाहत बसतो. लोकांना वाटतं, मशीन बिघडली!

म्हणून सर्व्हरला एक कायमचा पत्ता द्या आणि यादीत एक ओळ लिहा: पत्ता, पुढे नाव. डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम तीच यादी वायफायवरच्या मोबाइलना सांगतो. पोरं नाव टाकतात, धडे उघडतात.

आपल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा ठाऊक आहेच: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. 'होस्ट्स' फाइलचंही तसंच, गावातलं गावातच विचारायचं.

भारतनेटची केबल मागत राहूच, तो हक्क आहे. पण तोवर पोरांचा अभ्यास काहून अडवायचा?