वाजणारं लोखंड

स्लीपर म्हटलं की बहुतेकांना रेल्वेचा बर्थ आठवतो, नाहीतर पायातली चप्पल. मी म्हणतोय तो स्लीपर रुळांखाली आडवा पडलेला असतो. हल्ली तो जवळजवळ सगळीकडे काँक्रीटचाच दिसतो. माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मात्र पोलादी स्लीपरवर होता. काँक्रीटच्या जमान्यात पोलादाचा स्लीपर कशाला, हा प्रश्न मला गाईडपासून स्थळ घेऊन आलेल्या मंडळींपर्यंत सगळ्यांनी विचारलाय.

उत्तर सोपं आहे. पुलासाठी.

गाडी लोखंडी पुलावर चढली की आवाज बदलतो, हे तुम्ही झोपेतही ओळखलं असेल. एरवी रुळांखाली स्लीपर, स्लीपरखाली हातभर खडी आणि त्याखाली माती असते. चाकाचा प्रत्येक दणका खडीत मुरतो, कारण दगडावर दगड घासला की कंपनातली शक्ती तिथल्या तिथे खर्च होते. जुन्या गर्डर पुलांवर खडीच नसते. गर्डरवर थेट स्लीपर, त्यावर रूळ आणि खाली नदी. तिथे काँक्रीटचा पाव टनाहून जड धोंडा टाकून चालत नाही, म्हणून पुलांवर लाकूड बराच काळ टिकून राहिलं. लाकूड मऊ असतं, खाच पाडून गर्डरवर बसवता येतं आणि दणका थोडा पोटात घेतं. पुढे चांगलं लाकूड मिळेनासं झालं आणि पुलांवर पोलादी चॅनलचे, एच आकाराच्या बीमचे स्लीपर आले. टिकाऊ, हलके, पण पोलादावर पोलाद. मधे उशी अशी काही नाहीच. आता कंपोझिट स्लीपरही येताहेत, पण आम्ही प्रोजेक्ट निवडला तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर पोलादच होतं.

विषय मीच सुचवला होता. कारण आबा.

आबा, म्हणजे माझे आजोबा, खानदेशात मेन लाइनवर कीमन होते. कीमनचं काम ऐकायला अगदी साधं आहे. खांद्यावर हातोडा, पिशवीत लाल झेंडी आणि फटाके घेऊन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, आणि सैल झालेली प्रत्येक चावी ठोकून परत बसवायची. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी लोखंडी पाचर.

त्यांच्या उमेदीच्या काळात बिडाचे स्लीपर सगळीकडे होते. रुळाखाली बिडाची एकेक प्लेट आणि दोन्ही प्लेटा जोडणारा लोखंडी दांडा. नाव सीएसटी-९, म्हणजे सेंट्रल स्टँडर्ड ट्रायल, नंबर नऊ. ट्रायल म्हणून आलेली गोष्ट पुढची कित्येक दशकं देशभर कायम राहिली, हे वाचल्यावर मला आमच्या ऑफिसातली 'टेम्पररी' नावाची फाइल आठवली. त्याआधी उलट्या कढईसारखे बिडाचे पॉट स्लीपर होते, पत्रा दाबून केलेले पोलादी पन्हळीचे स्लीपरही होते. आपल्याकडे धातूचे स्लीपर इतके चालले त्याला एक कारण वाळवी. लाकूड आपल्या हवेत कुजायचं नाहीतर खाल्लं जायचं.

तर चावी. पाचर फक्त घर्षणावर टिकते. गाडी गेली की रूळ थरथरतो, आणि त्या थरथरीत क्षणभरासाठी घर्षणाची पकड ढिली होते. प्रत्येक वेळी केसाएवढी सरकत पाचर एक दिवस बाहेर येते. म्हणजे आबांची नोकरी ही शब्दशः कंपनाने दिलेली नोकरी होती. कंपन नसतं तर चावी सुटली नसती, चावी सुटली नसती तर कीमन लागला नसता आणि बहुधा माझे वडील तालुक्याला शिकलेही नसते.

हे गणित पेर पांडे-रोल्फसेन नावाच्या एका नॉर्वेच्या माणसाने मोडलं. त्याने १९५०च्या दशकात स्प्रिंगच्या पोलादाची वाकडी क्लिप काढली. पँड्रोल हे नाव त्याच्याच आडनावातून आलंय. पाचर सरकली की संपली. क्लिपचं तसं नाही. ती ताणलेली असते, त्यामुळे रूळ थोडा हलला, रबर थोडं झिजलं तरी ती दाबतच राहते. कुठल्याही स्टेशनवर खाली वाकून पाहिलंत तर प्रत्येक स्लीपरवर अशा चार क्लिपा दिसतील. किलोमीटरला १६६० स्लीपर धरले तर ६६४० क्लिपा. रूळ आणि काँक्रीट यांच्यामध्ये रबराची पट्टीही असते, फक्त ६ ते १० मिलिमीटर जाड. एवढ्याशा रबरावर अख्खी राजधानी धावते.

आता कंपनाचं बोलू. स्लीपर ६० सेंटिमीटरवर एक असतात. ताशी ११० किलोमीटरने गाडी निघाली तर एक चाक सेकंदाला साधारण ५१ स्लीपर ओलांडतं. दोन स्लीपरांच्या मध्ये रूळ थोडा जास्त लवतो, स्लीपरवर कमी. म्हणजे सगळं अगदी नवं आणि गुळगुळीत असलं तरी सेकंदाला ५१ ठोके हे आलेच. त्यावर चाकाचा खडबडीतपणा, रुळाच्या लाटा, जोड. पूर्वी १३ मीटरच्या रुळांना फिशप्लेटचे जोड असायचे, त्यातून तो खडक-खडक आवाज यायचा. (४७ सेकंदांत जितके खडक मोजाल तितका ताशी किलोमीटरमध्ये वेग. गणित करून बघा, जमतं.) आता रूळ वेल्ड करून किलोमीटरच्या किलोमीटर अखंड केलेत. खडक-खडक गेली.

हे ठोके थोपवायचे तर सर्वांत पहिला विचार येतो तो मऊ काहीतरी खाली घालायचा. गंमत इथेच सुरू होते. स्प्रिंगवर ठेवलेल्या कुठल्याही वजनाला स्वतःचा एक ठेका असतो. बाहेरचे ठोके त्या ठेक्याच्या १.४ पटीपेक्षा जलद असतील तरच स्प्रिंग ते अडवते. त्याच्या आसपास असतील तर उलट वाढवते. म्हणजे उशी चांगली काम करायला हवी तर ती खूप मऊ हवी. पण खूप मऊ केली तर रूळ जास्त दबतो, क्लिपा थकतात, आणि जिथे पूल संपून जमीन सुरू होते तिथे चाकाला पायरी लागल्यासारखा धक्का बसतो. शिवाय रुळाखालची पट्टी मऊ केली की खाली कमी कंपन जातं खरं, पण रूळ मोकळा सुटतो आणि लांबवर वाजत राहतो. खाली राहणाऱ्याला शांतता, बाजूला राहणाऱ्याला गोंगाट.

मुंबईच्या मेट्रो ३ मध्ये जुन्या इमारतींच्या पोटाखालून जायचं होतं, तिथे लो व्हायब्रेशन ट्रॅक घातलाय. काँक्रीटचे ठोकळे रबराच्या बुटात बसवलेले, बुटाच्या तळाशी मऊ पॅड. तिथे वजन हीच मदत असते. जड ठोकळा, मऊ पॅड, त्यामुळे ठेका संथ. पोलादी स्लीपर हलका, त्यामुळे ही युक्ती त्याला फारशी लागू पडत नाही.

पोलादाचं खरं दुखणं वेगळंच आहे. ते वाजतं. आमच्या गावच्या शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा होता, तुमच्याही शाळेत असेल. एक टोल दिला की कितीतरी वेळ घुमायचा, कारण पोलाद आपल्या पोटातली शक्ती सोडतच नाही. पण शिपाईमामांनी टोल देऊन पंजा टेकवला की आवाज तिथेच मरायचा. पंज्याने घंटेचं वजन वाढवलं नाही, तिला मऊ केलं नाही. फक्त तिच्यातली थरथर स्वतःत घेऊन उष्णतेत घालवली. आम्हाला स्लीपरला असा कायमचा पंजा लावायचा होता.

त्याची रीत जुनीच आहे, विमानांत, गाड्यांच्या पत्र्यांत वापरतात. दोन पोलादी पट्ट्यांमध्ये रबरासारखा चिकट थर. पट्ट्या वाकल्या की मधला थर तिरका ताणला जातो आणि त्या ताणातच कंपन विरतं. आम्ही चॅनलच्या पाठीला असा थर आणि वर पातळ पट्टी लावली. आमच्यातला एक जण इलेक्ट्रिकलकडून मेकॅनिकलला आलेला, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दोन्ही रूळ एकमेकांपासून विजेने वेगळे ठेवावे लागतील. दोन्ही रुळांत हलका करंट सोडलेला असतो. गाडी आली की तिचा आस दोन्ही रूळ जोडतो आणि सिग्नल लाल होतो. उघडा पोलादी स्लीपर म्हणजे सिग्नलच्या दृष्टीने कायमची उभी गाडी. त्यामुळे आमच्या रबराच्या पट्टीला दोन नोकऱ्या होत्या. तिसरी नोकरी खानदेशचा उन्हाळा द्यायचा. ४५ अंशांच्या दुपारी पोलादाला हात लावता येत नाही, आणि रबराचा चिकटपणा तापमानाप्रमाणे बदलतो. पुण्याच्या वर्कशॉपात छान वागणारा थर पाचोऱ्यात मे महिन्यात कसा वागेल, यावर आमची अर्धी रात्र जायची.

नमुना तयार झाला तेव्हा आम्ही दोन तुकडे दोरीला टांगले. एक साधा, एक थर लावलेला. हातोडी मारली. साधा मंदिरातल्यासारखा घुमला. दुसरा 'ठप्' म्हणाला आणि गप्प. आम्ही चौघं वेड्यासारखे पुन्हा पुन्हा मारत होतो.

दिवाळीला तो गप्प तुकडा मी घरी घेऊन गेलो. तेव्हा आबांना ऐकू कमी यायला लागलं होतं, गाडी आलेली ते बाजेच्या पायावरून ओळखायचे. त्यांनी तुकडा मांडीवर घेतला, कडेवरून बोट फिरवलं, मग उठून आतून आपला हातोडा आणला. एकदा मारला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मारला.

"हा मेलेला आहे का रे?"

मी समजावून सांगितलं. थर, पट्टी, कंपन, उष्णता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चावी घट्ट असली की हातोडा उडतो. सैल असली की लोखंड हातोडा खाऊन टाकतं. तडा असला की आवाज फुटका येतो. तुझं हे सगळीकडे असं बोललं तर कीमनला कळणार कसं?"

मी म्हटलं, "आबा, आता मशीनं आहेत. रुळाचा तडा अल्ट्रासोनिकने शोधतात, गाडीत यंत्र ठेवून हादरे मोजतात."

"ती रोज येतात का?"

रोज येत नाहीत. कीमन रोज जातो. मी तो मुद्दा प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये एका परिच्छेदात घातला. तोंडी परीक्षेत त्याबद्दल कोणी विचारलं नाही. मार्क चांगले पडले, कॅम्पसमधून सॉफ्टवेअरची नोकरी लागली, नमुना डिपार्टमेंटच्या कपाटात गेला. सॉफ्टवेअरमध्ये गेल्याचं मला वाईट वाटत नाही, उगाच तसं दाखवणारही नाही. पण माझं रोजचं काम सर्व्हरच्या इशाऱ्यांचं आहे. कुठला इशारा खरा, कुठला निव्वळ गोंगाट, आणि कुठला गप्प करायचा हे ठरवायचं. एखादा इशारा बंद करताना माझ्या डोक्यात हमखास "हा मेलेला आहे का रे" येतं, आणि मी दोन मिनिटं जास्त घेतो. मॅनेजरला ते आवडत नाही.

आबा गेले त्याला चार वर्षं झाली. त्यांच्याच लाइनवर, थोडं पुढे, आता माझा धाकटा चुलतभाऊ आहे. बी.एस्सी. करून परीक्षा देऊन लागला. कागदावर ट्रॅक मेंटेनर, घरात सगळे गँगमनच म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात मी त्याला मोठ्या हौसेने सांगत होतो की जगात आता स्लीपरच्या तळालाही रबराचे पॅड लावतात, त्याने खडी कमी चुरते, गाडी आणखी शांत जाते, तुमचं कामही कमी होईल.

तो म्हणाला, "दादा, अजून शांत नको."

मला आधी कळलं नाही. मग त्याने सांगितलं. डिझेल गेलं, वीज आली. जोड गेले, खडक-खडक गेली. डबे नवे. गँग असते तेव्हा एक जण शिट्टी घेऊन नुसता गाडीवर नजर ठेवतो, पण एकट्याने हद्द चालताना डोकं क्लिपांकडे असतं, वारा समोरून असतो आणि गाडी मागून येते. हॉर्न देतात, पण वळणावर झाडी असली तर ड्रायव्हरलाही माणूस उशिराच दिसतो. "आबांच्या वेळी रूळ आधी बोलायचा म्हणे. आता गाडीच येते."

रुळांवर काम करणारी माणसं दर वर्षी गाडीखाली सापडतात. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते. मी कंपनावर इतकं वाचलं, रूळ, चाक, गर्डर, खडी, शेजारची घरं, डब्यातला प्रवासी. त्या वाचनात कंपन ऐकणारा माणूस मला भेटला नव्हता. तो फक्त आमच्या घरात होता.

मी त्याला म्हटलं, एकदा फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठव. तसं मोजता येईल म्हणून. त्याने सुट्टीच्या दिवशी लाइनच्या कुंपणाबाहेर उभं राहून तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलं. वारा, एक टिटवी, त्याचा खोकला, मग गाडी. हेडफोन लावून मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं, लॅपटॉपवर आलेख काढला. हॉर्न वगळला तर गाडीचा आवाज वाऱ्यापासून वेगळा ओळखू येतो तिथपासून इंजिन त्याच्यासमोरून जाईपर्यंत ११ सेकंद. ताशी ११० धरले तर साधारण ३३५ मीटर.

मी आकडा त्याला पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं.

"त्यातले चार अवजार उचलायला जातात."