मधल्या वयाची पुस्तके

कोणत्या वयात काय वाचावे याविषयी आपल्याकडे लिखित नियम नसले, तरी अलिखित नियम पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक असा, की पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचू नयेत. आणि वाचल्याच तर निदान त्या चित्रांच्या तरी नसाव्यात. हा नियम आम्ही गेली कित्येक वर्षे राजरोस मोडीत आलो आहोत. आमच्या टेबलावर शेक्सपिअरवरील टीकाग्रंथांच्या शेजारी असले एखादे पुस्तक दिसले, की भेटावयास आलेले गृहस्थ ते उचलतात, दोन पाने चाळतात आणि मोठ्या सौजन्याने विचारतात, ‘नातवंडांसाठी का?’ आम्हांस अद्याप नातवंडे नाहीत. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर देऊन मोकळे व्हावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावांविषयी. इंग्रजी ग्रंथव्यवहारात ज्यास ‘यंग अॅडल्ट’ म्हणतात, त्यास आपण कुमारकादंबरी म्हणू; म्हणजे अदमासे बारा ते अठरा या वयाच्या वाचकास समोर ठेवून लिहिलेली. ‘ग्राफिक नॉव्हेल’ या नावाचा बोलबाला १९७८ साली विल आयस्नर यांच्या ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ या पुस्तकापासून झाला. तिला चित्रकादंबरी म्हणण्यास हरकत नसावी. यांपैकी पहिले नाव वाचकाच्या वयावरून पडले आहे व दुसरे कथनाच्या रीतीवरून, म्हणजे त्यांचा परस्परांशी जन्मजात संबंध काहीच नाही. तरी दुकानांत आणि ग्रंथालयांत ही दोन्ही पुष्कळदा एकाच फळीवर सापडतात. याचे कारण आमच्या मते असे, की दोहोंसही लोक ‘खऱ्या’ वाचनाची पायरी समजतात. पायरीवर कोणी बसत नाही. तिच्यावर पाय देऊन वर जावयाचे असते. आमचा वाद आहे तो या समजुतीशी.

चित्रांवरचा आक्षेप अधिक जुना, म्हणून तो आधी घेऊ. चित्र पाहिले की कल्पनाशक्ती आळसावते, असे म्हणणारे विद्वान बहुधा कोकणात पिंगुळीला गेलेले नसतात. कुडाळजवळच्या या गावातील ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी दाखवीत आली आहेत. रामायण-महाभारतातील एकेक प्रसंग रंगविलेला कागद समोर धरावयाचा, त्यावरची कथा गाऊन सांगावयाची, आणि मग पुढचा कागद. दोन कागदांच्या मध्ये जे घडते ते ऐकणाऱ्याने आपल्या मनात घडवावयाचे. चित्रकादंबरीची सारी कला याच मधल्या जागेत आहे. दोन चौकटींमध्ये एक पांढरी पट्टी असते. अलीकडच्या चौकटीत उगारलेला हात आणि पलीकडच्या चौकटीत रिकामी खुर्ची असेल, तर घाव वाचकानेच घातलेला असतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली या रीतीवर एक अख्खे पुस्तक चित्रांतूनच लिहिले. त्यांचाही सगळा भर या मोकळ्या पट्टीवर आहे.

आम्ही स्वतः मराठीतून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलो. वेताळाची कवटीची गुहा आम्हांस आमच्या आळीइतकी परिचित होती. १९६७ पासून अनंत पै यांच्या संपादनाखाली निघू लागलेल्या अमर चित्र कथाही घरी येत. त्यांनी आनंद पुष्कळ दिला, परंतु त्या आनंदावरून सगळ्यांस वाङ्मय ठरविणे हा पक्षपात होईल. त्यांतील बऱ्याच ठिकाणी शब्द जे सांगतात तेच चित्र दाखविते, आणि वाचकास मध्ये काही करावयाचे उरत नाही. आजही अभिजात कादंबऱ्यांची जी सचित्र रूपांतरे निघतात, त्यांतील बहुतेकांस हाच दोष लागू आहे. ती मूळ ग्रंथ टाळण्याच्या सोयी आहेत. उत्तम चित्रकादंबरीत शब्द एक सांगतो, चित्र दुसरे दाखविते, आणि खरे काय हे वाचकास ठरवावे लागते.

आर्ट स्पीगेलमन यांचे ‘माऊस’ घ्या. नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या पित्याची हकीकत पुत्र ऐकतो आणि चित्रांत उतरवितो. यहुदी हे उंदीर व जर्मन ही मांजरे, अशी त्याने योजना केली आहे. या ग्रंथास १९९२ साली पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले. परंतु आमच्या मनातून जी गोष्ट जात नाही, ती छावणीतील नव्हे. आत्महत्या केलेल्या आईने आपले अनुभव वह्यांत लिहून ठेवले होते, आणि मुलगा त्या वह्या पुनःपुन्हा मागत असतो. पहिल्या भागाच्या अखेरीस वडील कबूल करतात, की त्या त्यांनी जाळून टाकल्या. दुःख सहन होईना म्हणून जाळल्या. आणि मुलगा त्या दुःखी म्हाताऱ्यास खुनी म्हणतो. मोठ्यांनी आपल्या दुःखापोटी नाहीसे केलेले सत्य आणि ते मागणारे मूल, हा झगडा आम्हांस त्या ग्रंथाचा गाभा वाटतो.

आपल्या भूमीतील उदाहरण हवे असेल, तर दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याने चितारलेले ‘भीमायन’ पाहावे. ते २०११ साली प्रसिद्ध झाले. गोरेगावास वडिलांकडे निघालेला लहानगा भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरतो. मुले महारांची आहेत असे कळताच दुप्पट भाडे देऊनही त्यांची गाडी हाकावयास कोणी तयार होत नाही. अखेर मुलांनीच बैल हाकावयाचे आणि गाडीवानाने बाजूने चालावयाचे असे ठरते. ही १९०१ सालची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेविली आहे. व्याम दांपत्याने ती सांगताना चौकोनी चौकटी नाकारल्या. माणसांस पेटीत कोंडावयाचे नाही, असा त्यांचा आग्रह. सौम्य बोलणे त्यांनी पक्ष्याच्या आकारात घातले आहे आणि विषारी बोलण्यास विंचवाची नांगी दिली आहे. एखाद्या गृहस्थाचे शब्द वरकरणी साधे असतात, पण खाली नांगी दिसते आणि वाचक दचकतो. हे काम केवळ गद्याने करावयाचे तर लेखकास तो शब्द कसा बोलला गेला याचे वर्णन करावे लागले असते. येथे एका रेषेने ते भागले आहे.

आता कुमारकादंबरीकडे वळू. तिच्यावरचा आक्षेप असा, की वाचक मोठा झाला तर त्याने मोठ्यांचे वाचावे व लहान असेल तर लहानांचे. मधल्यांसाठी वेगळी चूल कशास? वस्तुतः ही चूल प्रथम त्या वयाच्या मुलांनीच मांडली असे म्हणता येईल. अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांतात टल्सा गावी एका शाळकरी मुलीने ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी लिहिली व १९६७ साली, ती अठरा वर्षांची असताना, ती छापली गेली. पुरुषी टोळ्यांची ही कथा मुलीने लिहिली आहे हे परीक्षकांस कळू नये, म्हणून प्रकाशकांनी नाव केवळ एस. ई. हिंटन असे आद्याक्षरांनी छापले. आपल्या भोवतालच्या मुलांचे जगणे कोणत्याच पुस्तकात दिसत नाही, या असमाधानातून ती लिहिली गेली होती.

आज त्या जागी मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे, आणि तेथील बराच माल आम्हांस मुळीच आवडत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २००८ सालच्या ‘द हंगर गेम्स’ने, मुलांच्या मरणाचा तमाशा करून पाहणाऱ्या समाजाविषयी काही गंभीर म्हटले होते, परंतु तिच्या यशामागोमाग जी रीघ लागली, तीत बहुतेक ठिकाणी एकच साचा दिसतो. कथा नायिकेनेच वर्तमानकाळात सांगावयाची, घरातील वडीलधारे दुष्ट किंवा मूर्ख असावयाचे, आणि तिसऱ्या खंडात सोळा वर्षांच्या मुलीने साम्राज्य उलथून टाकावयाचे. ही वाचकाची खुशामत आहे. तू बरोबर आहेस आणि बाकीचे चूक, असे जे पुस्तक पानोपानी सांगते, ते त्या वयाच्या एकटेपणास गोंजारते. त्यास सोबत देत नाही.

सोबत देणारे पुस्तक कसे असते? शिव्हॉन डाउड या लेखिकेस कर्करोग झाला होता. एका कथेची कल्पना मनात असतानाच २००७ साली त्या वारल्या. ती कल्पना घेऊन पॅट्रिक नेस यांनी ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ लिहिले आणि जिम के यांनी काळ्याकरड्या रंगांत त्याची चित्रे काढली. ते २०११ साली निघाले, आणि पुढील वर्षी लेखनाचे कार्नेगी व चित्रांचे ग्रीनअवे ही दोन्ही पदके या एकाच पुस्तकास मिळाली. आई असाध्य आजाराने खंगत असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाची ही कथा. घरचे त्यास सांगत राहतात, की नवे औषध लागू पडेल. त्यास आत कोठे तरी खरे ठाऊक असते. आणि त्याहून भयंकर म्हणजे, हे सारे एकदाचे संपावे असे त्यास वाटत असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीस, इंग्रजी सोपे आहे एवढ्याच कारणाने, आम्ही हे पुस्तक दिले. तीन आठवड्यांनी ती परत करावयास आली आणि बराच वेळ उभीच राहिली. मग तिने सांगितले, की तिच्या बारावीच्या वर्षी आई रुग्णालयात होती. ‘साधी गाठ आहे’ असे तिला सांगण्यात आले होते. परीक्षेपूर्वी तिला काही कळू द्यावयाचे नाही, असे घरच्यांनी ठरविले होते. मावशी राहावयास आली, स्वयंपाकघरातले बोलणे ही आत गेली की थांबू लागले. शेवटचा पेपर झाल्यावर सहा दिवसांनी आई गेली. ‘सर, मला सगळं कळत होतं,’ ती म्हणाली, ‘पण कळतंय हे कोणाला सांगायची सोय नव्हती.’ आणि थोड्या वेळाने, ‘त्या मुलाला वाटलं तसं मलाही वाटलं होतं. असं दुसऱ्या कोणाला वाटत असेल हे माहीत नव्हतं.’ आम्ही यावर काही बोललो नाही. पुस्तक तिच्यापाशीच राहू दिले.

त्या घरच्या मंडळींस दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्यांनी जे केले ते मायेपोटी केले, आणि आपल्या शंभर घरांपैकी नव्वद घरांत तेच झाले असते. तथापि असेच मायाळू भय जेव्हा मंडळांच्या बैठकीस बसते, तेव्हा काय होते तेही पाहावे. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतील टेनेसी प्रांताच्या एका जिल्ह्यातील शाळामंडळाने ‘माऊस’ आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकले. कारण दिले काही अपशब्दांचे आणि एका विवस्त्र आकृतीचे. २०२३ साली खुद्द हिरोशिमाच्या शिक्षणमंडळाने ‘बेअरफूट गेन’ ही चित्रकथा आपल्या शांतिशिक्षणाच्या पाठांतून वगळली. तिचे कर्ते केइजी नाकाझावा अणुबाँब पडला त्या दिवशी सहा वर्षांचे होते व त्याच नगरात होते. आक्षेप निघाले त्यांतील एक प्रसंग असा, की मुलगा अशक्त आईस खाऊ घालण्यासाठी मासा चोरतो. जे मुलाने भोगले ते मुलांनी वाचू नये, असा याचा अर्थ होतो. मुले दुःखाला भिऊन मोडतात असे आम्ही अध्यापनाच्या इतक्या वर्षांत क्वचितच पाहिले; दुःख असूनही त्याचे नाव कोणी घेत नाही, याने मोडलेली मात्र पाहिली आहेत.

हे सत्य आपल्या भाषेस अपरिचित होते असे नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये आई मरते, आणि श्याम तिच्या मृत्यूनंतर घरी पोचतो. दारिद्र्य, कर्ज, अपमान, काहीच त्यात झाकलेले नाही. ते पुस्तक अमुक वयासाठी अशी खूण त्यावर नव्हती; घरात ते सर्वांनी मिळून वाचले आणि सर्वांनी मिळून डोळे पुसले. पुढे भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे दिला, १९७१ पासून ‘किशोर’ मासिक निघू लागले. परंतु फास्टर फेणेचा हात सुटल्यावर मुलाने कोणाचा धरावा? नेमाड्यांचा ‘कोसला’ (१९६३) आहे, प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’मधील (१९९४) लंपन आहे, पण ही नावे त्या वयाच्या वाचकापर्यंत सांगोवांगीच पोचतात. याच मधल्या वर्षांत, आमच्या पाहण्यात, इंग्रजी शाळेत जाणारी मराठी घरांतील मुले आपली भाषा खाली ठेवतात, आणि ती बहुधा पुन्हा उचलीत नाहीत. इंग्रजीत त्यांना कोणी तरी विश्वासाने खरे सांगत असते. मराठी त्यांच्याशी फक्त जेवावयास बोलावण्यापुरती बोलते.

म्हणून ‘नातवंडांसाठी का?’ या प्रश्नास आमचे उत्तर असे, की ही पुस्तके आम्ही स्वतःसाठी वाचतो, आणि त्यांतील चांगली आमच्या वर्गात फिरत ठेवतो. मराठीत अशी दहा पुस्तके कोणी लिहील आणि दहा कोणी चितारील, तर ती विकत घेणाऱ्यांत आमचे नाव पहिले धरावे. दरम्यान, ज्यांच्या घरी पंधरा-सोळा वर्षांचे मूल आहे आणि स्वयंपाकघरात हळू आवाजात काही बोलणे चालले आहे, त्यांस एवढीच विनंती, की दार लोटून घेण्यापूर्वी ते मूल कोठे उभे आहे हे एकदा पाहावे.