आधी वाळू, मग मासा

वाशी-नेरूळपासून खारघरपर्यंतच्या घरांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवणं आणि सांभाळणं हा माझा व्यवसाय. कोणी मोबाइलवर गार्डन ईलचा व्हिडिओ दाखवून ‘हेच पाहिजेत’ म्हणालं, की मी आधी विचारतो, ‘बिल्डिंग किती जुनी आहे?’

हा मासा आपल्या बाजारातल्या वामचा लांबचा नातलग. करंगळीएवढा जाड, फूट-सव्वा फूट लांब. शेपटीकडून वाळूत शिरतो, अंगातल्या चिकट स्रावानं बिळाच्या भिंती पक्क्या करतो आणि अर्धं अंग बाहेर काढून प्रवाहाकडे तोंड करून डोलत राहतो. दुकानांत मुख्यतः दोन जाती दिसतात. एक नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची, दुसरी ठिपक्यांची. ठिपकेवालीचं शास्त्रीय वर्णन 1959 साली झालं आणि तिला पाणबुड्या संशोधक हान्स हास यांचं नाव मिळालं.

एवढ्या लांबीच्या माशाला किमान वीत-सव्वा वीत खोल वाळू लागते. निव्वळ बारीक वाळूत बीळ ढासळतं, म्हणून थोडी जाड वाळू मिसळायची. चार फूट बाय दोन फुटांच्या टाकीत ही वाळूच पावणेतीनशे किलोंच्या घरात जाते. पाणी धरून भार सातशे किलोंच्या आसपास, काच आणि स्टँड वेगळे. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलोंचा वापरभार धरून बांधतात. त्यामुळे बिल्डिंगचं वय आधी विचारतो; आणि टाकीची जागा बीमजवळ, भिंतीलगत, आणि तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच.

ठाणे खाडी जवळ असली तरी तिचं पाणी उपयोगाचं नाही. सांडपाणी आहेच, शिवाय पावसाळ्यात खारटपणा पार उतरतो. आरओच्या पाण्यात मीठमिश्रण घालून घनता 1.025 वर आणायची. आपल्या उन्हाळ्यात पाणी पंचविशीत ठेवायला चिलर हवाच.

खरी कसोटी खाण्याची. हा मासा भक्ष्यामागे धावत नाही. भक्ष्यानं वाहत त्याच्या तोंडाशी यावं लागतं. म्हणून एका बाजूनं संथ, सलग प्रवाह, आणि त्यात आर्टेमियाची पिल्लं, कोपेपॉड असं बारीक खाद्य दिवसातून तीन-चार वेळा. एवढं खाद्य पडलं की पाणी बिघडतं, म्हणून पाण्यातली घाण खेचणारा स्किमर दणकट लागतो. चपळ मासे सोबत ठेवले, तर ते सगळं मटकावतात आणि ईल बिळात उपाशी राहतात. टाकीला झाकण हवंच; नव्या जागेत बिथरलेला ईल उडी मारतो.

माणसांचा वावरही त्याला लागतो. 2020 च्या टाळेबंदीत टोकियोच्या सुमिदा मत्स्यालयातले ईल माणसांना विसरून दडून बसू लागले, तेव्हा तिथल्या लोकांनी टाकीसमोर टॅब्लेट मांडून जनतेला व्हिडिओ कॉल करायला सांगितलं. दिवसभर बंद असलेल्या फ्लॅटसाठी हा मासा नाही.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते. ईलची पारदर्शक पिल्लं मात्र दीर्घकाळ खुल्या समुद्रात वाहत वाढतात. घरच्या टाकीत ते साधत नाही. दुकानातला ईल बहुधा समुद्रातूनच धरलेला असतो. म्हणून माझी अट अशी: टाकी फक्त त्यांचीच, मासे एक नव्हे तर पाच-सहा, आणि वाळू-पाणी दोन-तीन महिने स्थिरावल्यावरच खरेदी. हे जमत नसेल त्याला मी क्लाउनफिशची टाकी बसवून देतो.