गरम झाली की गाडी सेल्फ घेईना

आज जरा शाळेबाहेरचा विषय. माझ्याकडे वडिलांची वीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते. पण तासभर चालवून बंद केली आणि दहा मिनिटांनी परत किल्ली फिरवली, की सेल्फ घुर्र... घुर्र... करत दम लागल्यासारखा फिरायचा.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या दिवशी पाचवीच्या चार मुलांना घेऊन तालुक्याच्या केंद्रावर निघालो होतो. वाटेत एका मुलीला उलटी झाली म्हणून थांबलो. परत चालू करायला गेलो तर तेच, घुर्र. शेतातल्या दोघांना हाक मारली, त्यांनी ढकलली, मी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला तेव्हा कुठे सुरू झाली. केंद्रावर पोचलो तर घंटा होऊन गेलेली. मुलांना आत बसू दिलं, पण ती धावत-धापा टाकत बसली.

त्याच आठवड्यात मी नवी बॅटरी टाकली. साडेतीन हजार गेले, दोष तसाच. वजाबाकी चुकते म्हणून पोराला पाढे पाठ करायला लावावेत, तसंच झालं हे. मग एकाने सांगितलं, पूर्ण सेल्फच बदला.

शेवटी एसटी स्टँडजवळच्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियन मामांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, गाडी गरम करूनच आणा. थंड गाडीत मला काय दिसणार?"

दुसऱ्या दिवशी तापलेली गाडी नेली. इंजिन चालू होऊ नये म्हणून त्यांनी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. आधी मीटर बॅटरीवर लावला. सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर नाहीतर सेल्फ जास्त करंट खातोय. इथे अकरा होते, म्हणजे बॅटरी निर्दोष! मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी थेट इंजिनच्या धातूवर. पाव व्होल्टच्या आत हवं, मीटर म्हणाला १.१.

तेवढा व्होल्टेज वाटेतच मरत होता. हिशोब सोपा आहे : १०० अँपिअर करंट जाताना ०.०१ ओहम रोध असला तरी एक व्होल्ट गेला. एवढासा रोध साध्या मीटरवर ओहममध्ये मोजताच येत नाही, म्हणून करंट वाहताना व्होल्टेज मोजायचं.

बॉडीकडून इंजिनला येणारी अर्थिंगची पट्टी काढली, तर बोल्टखाली हिरवा गंज. मग फक्त गरम असतानाच का त्रास? सेल्फ एक्झॉस्टजवळ तापतो. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. ५० अंश वाढले की २० टक्के. थंड असताना गंजासकट निभावत होतं, तापल्यावर नाही. नवी पट्टी, पॉलिश पेपरने घासलेली जागा, झालं काम. (इथे काही सापडलं नसतं तर पॉझिटिव्ह केबल, मग सेल्फचे बुश आणि इग्निशन टायमिंग बघायचं, असं मामा म्हणाले.)

जुनी पट्टी मी वर्गात नेली. सेल, बल्ब आणि गंजका खिळा घेऊन मुलांनी बल्ब मंद केला, मग खिळा घासून उजळ केला. उलटी झालेली ती मुलगी पट्टी हातात फिरवत बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे सर, त्या दिवशी उशीर माझ्यामुळं नाही झाला?"

"नाही गं. या पट्टीमुळं झाला."