हौशी माणसांचे गाव : फाल्मथ

अमेरिकेच्या नकाशात पूर्व किनाऱ्याकडे पाहिले, तर मॅसॅच्युसेट्स राज्यातून एक हात समुद्रात गेलेला दिसतो. कोपरात वाकवलेला, मूठ वर केलेला. हा केप कॉड. या हाताच्या खांद्यापाशी, दक्षिणेच्या अंगाला, फाल्मथ नावाचे गाव आहे. बोस्टनहून मोटारीने साधारण दीड तासाची वाट. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी ढकलत आणलेल्या माती-दगडांची ही भूमी. बर्फ वितळला तेव्हा जागोजाग खळगे राहिले, त्यांत पाणी साचून गोल तळी झाली. इथले मूळ रहिवासी वाम्पानोग लोक. शेजारच्या मॅशपी गावात ते आजही राहतात. इंग्रज वसाहतकारांच्या या गावाला १६८६ मध्ये मान्यता मिळाली. पुढे देवमाशांची शिकार, मिठागरे, स्ट्रॉबेरीची शेती असे अनेक धंदे इथे झाले. आता गाव चालते ते उन्हाळी पाहुण्यांवर आणि समुद्राच्या अभ्यासावर.

गावाच्या नैर्ऋत्य टोकाला वूड्स होल ही वस्ती आहे. तिथल्या एका प्रयोगशाळेत आमची मुलगी संशोधन करते. मे महिन्याच्या अखेरीस मी शाळेतून निवृत्त झाले आणि जूनमध्ये आम्ही दोघे रत्नागिरीहून तिच्याकडे गेलो. तिथे दिवस इतका मोठा, की मगरिब सव्वाआठच्या पुढे आणि इशा रात्री दहाच्या सुमारास. एवढ्या लांबलचक दिवसाचे करायचे काय, असा प्रश्न यांनी पहिल्याच आठवड्यात विचारला. त्याचे उत्तर गावानेच दिले.

मी पळते, हे आधी सांगायला हवे. पन्नाशी ओलांडली तेव्हा रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालता चालता मी पळू लागले. रत्नागिरीत हे काम मी पहाटेच्या अंधारात उरकते. पळणारा पुरुष दिसला तर लोक म्हणतात, तब्येत राखतो. पळणारी बाई दिसली, तीही पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि डोक्याला ओढणी बांधलेली, तर विचारतात, “काय झालं बाई, घरी कोणी आजारी आहे का?” विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. पण रोज उत्तर देण्यापेक्षा अंधार बरा वाटतो.

फाल्मथमध्ये जुन्या रेल्वेमार्गावर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी सुमारे १७ किलोमीटरचा रस्ता केला आहे. रूळ काढले आणि डांबर टाकले, एवढेच. एका बाजूला खाजण, दुसऱ्या बाजूला झाडी, मध्येच एकदम उघडा समुद्र. वाट संपते ती वूड्स होलच्या धक्क्याशी, जिथून समोरच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर बोट जाते. खाजणाचा तो वास, ओहोटीच्या वेळचा, डोळे मिटले तर थेट आपल्या भाट्याच्या खाडीचा! या रस्त्यावर मी रोज सकाळी भर उजेडात पळू लागले. समोरून पंचाहत्तरीचे गृहस्थ येत, बाळाची गाडी ढकलत पळणाऱ्या आया येत. हात वर करून ‘मॉर्निंग’ म्हणत आणि पुढे जात. माझ्या ओढणीकडे एखाददुसरी नजर वळे. पण मला थांबवून कोणी काही विचारले नाही.

यांचा उन्हाळा बेसबॉलने भरला. जन्मभर क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला सुरुवातीला तो खेळ म्हणजे अर्धवट क्रिकेट वाटला. “अहो, हा फलंदाज चेंडू मारतो कमी आणि परत जातो जास्त,” हे पहिल्या दिवशी म्हणाले. ते खरेच आहे. गोलंदाजाचा तीन वेळा चुकलेला चेंडू म्हणजे बाद. दहांपैकी तीन खेपांना चांगला फटका मारून तळ गाठणारा फलंदाज इथे उत्तम समजला जातो. १९४१ मध्ये बोस्टनच्या टेड विल्यम्सने हजारात चारशे सहा हे प्रमाण गाठले, त्याची गोष्ट लोक आजही सांगतात. म्हणजे तोसुद्धा दहांतल्या जवळजवळ सहा खेपांना हात हलवत परतत होता!

पण फाल्मथमध्ये पाहायला मिळतो तो पैशांचा बेसबॉल नव्हे. केप कॉडवर दर उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांची हौशी लीग चालते. दहा गावांचे दहा संघ. फाल्मथच्या संघाचे नाव कमोडोर्स, मैदान गव्ह फुलर. तिकीट नाही. लोक घरून घडीच्या खुर्च्या आणतात, कडेला मांडतात. मधल्या वेळात देणगीसाठी टोपी फिरते, ज्याला जे वाटेल ते तो टाकतो. देशभरातून आलेली ही मुले हॉटेलात उतरत नाहीत. गावातली कुटुंबे त्यांना दोन महिने आपल्या घरात ठेवून घेतात. आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई राहत. त्यांच्याकडे दोन मुले होती. एक टेक्सासचा, एक कॅलिफोर्नियाचा. सकाळी ती दोघे गावातल्या लहान पोरांना खेळ शिकवायला जात, रात्री आजीबाईंची भांडी घासत.

या लीगची आणखी एक गंमत आहे. कॉलेजात मुले ॲल्युमिनियमच्या बॅटने खेळतात. ती बॅट चूक पोटात घालते. चेंडू जरा कडेला लागला तरी लांब जातो. व्यावसायिक बेसबॉलमध्ये मात्र फक्त लाकडी बॅट चालते. केप कॉडवर १९८५ पासून लाकडीच बॅट आहे. त्यामुळे कॉलेजात गाजलेला मुलगा इथे आला की पहिले दोन आठवडे चाचपडतो, बॅटी मोडतो, आणि मग कुठे शिकतो. आज न्यूयॉर्क यांकीज संघातून खेळणारा ॲरन जज २०१२ मध्ये केपवरच्याच ब्रूस्टर गावाकडून असाच खेळला होता. पण अशांची संख्या थोडी. बहुतेक मुले पुढे शिक्षक, विमा एजंट, दुकानदार होतात. आजीबाई म्हणाल्या, “माझ्याकडे राहिलेल्यांपैकी एकही मोठा खेळाडू झाला नाही. पण नाताळला सगळ्यांची पत्रे येतात.”

रात्री त्यांच्या ओसरीवर रेडिओ लागे. बोस्टनचा मोठा संघ रेड सॉक्स, त्याचे धावते वर्णन. १९१८ मध्ये विजेतेपद मिळवलेल्या या संघाने पुढचे विजेतेपद पाहिले ते २००४ मध्ये. मध्ये ८६ वर्षे गेली! त्या वर्षी कितीतरी लोक आईवडिलांच्या कबरीवर जाऊन संघाची निशाणे आणि वर्तमानपत्रे ठेवून आले. ज्यांनी जन्मभर वाट पाहिली, त्यांना ही खबर पोचवायला हवी म्हणून. हे ऐकल्यावर आमच्या साहेबांनी त्या खेळाला ‘अर्धवट क्रिकेट’ म्हणणे बंद केले. जुलैअखेर ते स्वतः वहीत धावफलक लिहू लागले होते.

दुपार माझी असे. ऊन चढले की मी गावातल्या मेन स्ट्रीटवरच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसे. हिरवळीवर एका बाईंचा पुतळा आहे, कॅथरिन ली बेट्स यांचा. ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ या प्रसिद्ध गीताच्या त्या कवयित्री. १८५९ मध्ये त्या याच गावात जन्मल्या. वूड्स होलला समुद्राकाठी दुसरा पुतळा आहे, रेचेल कार्सन यांचा. बाकावर बसून पाण्याकडे पाहणाऱ्या. कार्सन समुद्रापासून दूर, पेनसिल्व्हेनियात वाढल्या. समुद्र त्यांनी पुस्तकांतून ओळखला होता. १९२९ च्या उन्हाळ्यात त्या वूड्स होलच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत आल्या आणि हा किनारा त्यांच्या लिखाणात कायमचा शिरला. ही प्रयोगशाळा १८८८ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या उन्हाळ्यापासून तिथे मुलींना प्रवेश होता. ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ च्या पुस्तकाने कीटकनाशकांच्या बेसुमार वापराकडे जगाचे लक्ष वेधले, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मी मात्र त्यांचे समुद्रावरचे १९५१ चे पुस्तक वाचत होते. सकाळी ज्या खाजणावरून पळायचे, त्याचीच गोष्ट दुपारी कागदावर वाचायची, यात वेगळेच सुख होते. मुलगी संध्याकाळी विचारी, “अम्मी, आज किती मैल आणि किती पाने?”

या सगळ्या उन्हाळ्याचे टोक म्हणजे ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारची फाल्मथ रोड रेस. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. टॉमी लेनर्ड हा गावातल्या एका बारमध्ये काम करणारा पळण्याचा शौकीन माणूस. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर या अमेरिकन धावपटूने मॅरेथॉन जिंकली, ती त्याने दूरचित्रवाणीवर पाहिली आणि आपल्या गावातही शर्यत व्हावी असे त्याच्या मनाने घेतले. १९७३ च्या ऑगस्टमध्ये, पावसात, शंभराच्या आत माणसे वूड्स होल ते फाल्मथ हाइट्स असे सात मैल पळाली. गावातल्या मुलींच्या धावण्याच्या क्लबाला मदत व्हावी, हाही तिचा एक हेतू होता. दोन वर्षांनी शॉर्टर स्वतः इथे पळायला आला. जोन बेनॉइट ही शर्यत सहा वेळा जिंकली. १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथमच झाली, तिची विजेतीही तीच. आज इथे दहा हजारांहून अधिक लोक पळतात आणि प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. मुलीने माझे नाव वसंतातच घातले होते, आणि ते निघाले.

सात मैल म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर. अंतराची मला धास्ती नव्हती. धास्ती होती ती ऑगस्टच्या दमट उन्हाची, आणि माझ्या अंगभर कपड्यांची. या शर्यतीत १९७८ मध्ये अल्बर्टो सालाझार हा विशीच्या उंबरठ्यावरचा धावपटू शेवटाला कोसळला. अंगाचा ताप इतका चढला होता, की धर्मगुरूंनी त्याच्यासाठी अंतसमयीची प्रार्थना केली. बर्फाच्या पाण्यात ठेवल्याने तो वाचला आणि पुढे १९८० पासून सलग तीन वर्षे न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकला. उन्हाला जिंकणारा आणि हरणारा कळत नाही, हे गाव तेव्हापासून विसरलेले नाही. शेवटच्या टप्प्यापाशी वैद्यकीय तंबूत बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवलेले असतात. उष्माघात झालेल्या धावपटूला आधी त्या पाण्यात मानेपर्यंत बसवतात, अंगाचा ताप उतरवतात, आणि मगच गरज असेल तर दवाखान्यात नेतात. अठरा वर्षांत इथे अशा २७४ रुग्णांवर उपचार झाले आणि सगळेच्या सगळे वाचले, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदवले आहे. आधी थंड करा, मग हलवा. आपल्याकडे शाळांच्या कवायती आणि शर्यती होतात तिथे हे सूत्र भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे.

मी उपाय साधे केले. महिनाभर मुद्दाम थोड्या उन्हात सराव केला, सैल सुती ऐवजी घाम लवकर सुकवणारे फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घेतले, आणि ओढणी दर पाण्याच्या टेबलाशी भिजवायची असे ठरवले.

शर्यतीच्या सकाळी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या धावपटूंना वूड्स होलला नेऊन सोडतात. अरुंद रस्त्यावर माणसांचा समुद्र. पहिल्या मैलाशी नॉब्स्काचे दीपगृह. १८७६ चा पांढरा मनोरा आणि खाली निळे पाणी. पुढे झाडांच्या सावलीत वर-खाली वळणे. तिसऱ्या मैलानंतर सावली संपते आणि रस्ता थेट किनाऱ्याला लागतो. इथे ऊन, वाळू आणि समुद्र, मध्ये काही नाही. खरी परीक्षा इथेच. मी एक मैल पळत, चालत काढला. पण दर घरापुढे माणसे उभी! कोणी पाइपने पाणी उडवते आहे, कोणी बर्फाचे तुकडे वाटते आहे, पोरे हात पुढे करून टाळ्या मागत आहेत. बंदराला वळसा घालून शेवटची चढण येते आणि तिच्या माथ्यावरून उतार, समोर समुद्र, बाजूला बेसबॉलचे मैदान, आणि शेवटची रेषा. माझी वेळ एक तास छत्तीस मिनिटे. विजेते तासभर आधीच पोचले होते. तरीही ती रेषा उचलली नव्हती, लोक गेले नव्हते, आणि गळ्यात पदक घालणाऱ्या मुलीने माझ्या ओढणीखालून फीत नीट सरळ करून दिली.

त्या उन्हाळ्यात मला जाणवले ते हे, की हौस ही एकट्या माणसाची गोष्ट नाही. तिला जागा लागते, आणि ती जागा गाव करून देते. जिंकण्याची शक्यता नसलेल्या दहा हजारांसाठी कोणीतरी पहाटे टब भरते. मोठा होणार नाही अशा मुलाला कोणीतरी घरातली खोली देते. पाहुण्या बाईला दुपारभर पुस्तक घेऊन बसायला खुर्ची देते. यात श्रीमंतीचा भाग आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खुर्ची, पाणी, मोकळे मैदान आणि ‘काय झालं बाई?’ न विचारण्याची सवय, यांना डॉलर लागत नाहीत.

परत आल्यावर मी आमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटले. मैदान रविवारी सकाळी सात ते नऊ बायका-मुलींसाठी उघडे ठेवायला ते तयार झाले. सध्या आम्ही अकराजणी येतो. सातजणी चालतात, चौघी पळतात. सगळ्यांत धाकटी आठवीत आहे, सगळ्यांत मोठी तिची नानी. हे फाटकापाशी पाण्याची कळशी आणि बर्फाचा डबा घेऊन बसतात, आणि कोणी किती फेऱ्या मारल्या ते बेसबॉलच्या त्याच वहीत मांडतात.